वाचक विचारतात: बोस्टनने एवढी चांगली टीम मोडली कशाला?

गेल्या अंकात सहज एक ओळ टाकली होती की एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, २०२५-२६ चा सीझन तोंडावर आलाय, काही विचारायचं असेल तर पाठवा. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त बोस्टन सेल्टिक्सवर आहेत आणि त्यातली बरीचशी रागाने लिहिलेली आहेत. ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २०२४ चे चॅम्पियन, २०२४-२५ ला ६१ मॅच जिंकलेली टीम, ती मे महिन्यात प्लेऑफच्या दुसऱ्या राउंडला न्यूयॉर्क निक्सकडून ४-२ ने हरली, चौथ्या मॅचला त्यांच्या मुख्य खेळाडूची, जेसन टेटमची, अकिलीस टेंडन (टाचेमागची जाड शीर) तुटली, आणि त्यानंतर सीझन सुरू व्हायच्या आत जरू हॉलिडे, क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस, ल्यूक कॉर्नेट आणि अल हॉरफोर्ड असे चार जण गेले. जेवढी पत्रं मावली तेवढी घेतलीत, बाकीच्यांनी रागावू नका.

नाशिकहून एक वाचक: मेच्या अंकात तुम्ही लिहिलं होतं की बोस्टन निक्सला पाच मॅचमध्ये गुंडाळेल. कात्रण ठेवलंय मी. आता काय म्हणणं आहे?

कात्रण रद्दीत टाका हो, काय राव. पण चुकलो ते चुकलो. पहिल्या मॅचची सकाळ अजून डोळ्यासमोर आहे, आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू झाली होती, तिसऱ्या क्वार्टरमध्ये बोस्टन २० पॉइंटने पुढे, म्हटलं झालं काम, आणि मी दूध आणायला खाली उतरलो. खाली शेजारचे काका भेटले, पाण्याच्या टँकरवरून बोलणं लांबलं, वर येऊन बघतो तर स्कोर जवळजवळ सारखा, मग ओव्हरटाइम, आणि १०८-१०५ ने निक्स जिंकले. बायको म्हणाली दूध उतू जातंय, मी म्हटलं जाऊ दे. दुसऱ्या मॅचला परत २० ची लीड आणि परत घालवली, ९१-९० ने. दोन्ही मॅच घरच्या मैदानावर.

पहिल्या मॅचला बोस्टनने ६० थ्री-पॉइंटर (लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट) मारले आणि १५ आत गेले, ४५ चुकले, प्लेऑफच्या इतिहासात एका मॅचला एवढे कुणाचेच चुकले नव्हते. दुसऱ्या मॅचला ४० मारले, १० गेले. म्हणजे दोन मॅचमध्ये शंभर थ्री आणि पंचवीस बास्केट. ज्या शॉटवर २०२४ ला टायटल जिंकलं तोच शॉट फिरला आणि यांना दुसरं काही सुचेना, लीड असतानाही तेच, लीड जाताना दिसत असतानाही तेच. माझा राग कोचवर, जो मझुलावर, आहे, टीमवर नाही. तरी हे पण सांगतो की पुढे जे खेळाडू गेले ते या शंभर शॉटमुळे गेले नाहीत. बऱ्याच पत्रांत असा सूर आहे की हरले म्हणून शिक्षा केली. तसं नाहीये ते.

पुण्याहून एक वाचक: टेटम वर्षभर नाही हे मान्य. पण मग बाकीच्यांना ठेवून एक वर्ष काढायचं, तो आला की परत तीच टीम. मालक अब्जाधीश आहेत, त्यांना काय फरक पडतो?

हा खरा प्रश्न आहे, म्हणून याला जरा वेळ देतो, चहा घेऊन बसा.

आपल्याला आयपीएलची सवय. तिथे २०२५ च्या मोठ्या लिलावाला प्रत्येक टीमला १२० कोटींची पर्स होती, चेन्नईने ऋतुराज आणि जडेजाला १८-१८, पथिरानाला १३, दुबेला १२ आणि धोनीला ४ असे ६५ कोटी आधीच बांधून ठेवले आणि उरलेल्या ५५ मध्ये बाकी सगळी टीम उभी केली. पर्स संपली की संपली, मालक कितीही श्रीमंत असू दे. एनबीएची सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगाराची मर्यादा, तशी नाही. तिथे स्वतःच्या खेळाडूंना ठेवायला कॅपच्या वर जाता येतं, फक्त वर जाताना दंड लागतो, आणि तो आपल्या इन्कम टॅक्ससारखा स्लॅबने वाढत जातो.

आता आकडे बघा. २०२५-२६ ची सॅलरी कॅप आहे साधारण १५.४६ कोटी डॉलर, लक्झरी टॅक्सची, म्हणजे जिच्या वर दंड लागतो ती, रेष १८.७९ कोटी, आणि सगळ्यात वरची रेष, जिला ते दुसरा एप्रन म्हणतात, ती २०.७८ कोटी. (एप्रन म्हटलं की मला बारावीची केमिस्ट्रीची लॅब आठवते, हे नाव कुणाच्या डोक्यातून आलं देव जाणे.) बोस्टनचा हिशोब असा होता: टेटम ५.४१ कोटी, जेलन ब्राउन ५.३१, डेरिक व्हाइट २.८१, हॉलिडे ३.२४, पोर्झिंगिस ३.०७. पाच जणांचे झाले १९.८४ कोटी. फक्त पाच जणांचे! टॅक्सची रेष तिथेच ओलांडली. त्यात सॅम हाउजरचे १ कोटी आणि पेटन प्रिचर्डचे ७२ लाख धरा, सात माणसांतच दुसरा एप्रन मागे पडला, आणि टीम तर १५ जणांपर्यंत असते. टेटम आणि ब्राउन या दोघांतच कॅपचे जवळपास ७० टक्के जातात, आणि टेटमचं ३१.४ कोटींचं पाच वर्षांचं नवं कॉन्ट्रॅक्ट नेमकं याच वर्षीपासून सुरू झालं. ज्या वर्षी पगार वाढला त्याच वर्षी माणूस बिछान्यात.

टॅक्सचं म्हणाल तर सेल्टिक्स आधीची तीन वर्षं सलग टॅक्स भरत आलेत, अशांना नेहमीचे गिऱ्हाईक म्हणून वेगळा दर लागतो. रेषेच्या वरच्या पहिल्या स्लॅबला डॉलरमागे ३ डॉलर, आणि थोडं वर गेलं की डॉलरमागे साडेपाच, मग पावणेसात. म्हणजे खेळाडूला दिला १ डॉलर, दंड भरला साडेपाच. आहे तीच टीम ठेवली असती तर पगार आणि दंड मिळून ५० कोटी डॉलरच्या आसपास बिल गेलं असतं, आपल्या रुपयांत सव्वाचार हजार कोटींच्या वर. आणि ते कशासाठी, तर टेटम नसलेल्या टीमसाठी.

पण समजा मालक म्हणाला की भरतो, तरी पैशाने सुटत नाही ही खरी गोम आहे. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेच्या २०२३ च्या करारात हे बरोबर ओळखलं की श्रीमंत मालक दंड हसत भरतात, म्हणून त्यांनी हात बांधले. दुसऱ्या एप्रनच्या वर असलेल्या टीमला दोन छोटे पगार जोडून एक मोठा खेळाडू ट्रेडमध्ये, म्हणजे टीमांच्या अदलाबदलीत, घेता येत नाही, दिला त्याच्यापेक्षा एक डॉलर जास्त पगार परत घेता येत नाही, बाहेरचा चांगला फ्री एजंट (कॉन्ट्रॅक्ट संपून मोकळा झालेला खेळाडू) घ्यायला जी सवलत असते ती मिळत नाही, ट्रेडमध्ये रोख रक्कम देता येत नाही, आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या राउंडचा ड्राफ्ट पिक, म्हणजे नवे तरुण खेळाडू निवडायचा नंबर, गोठवून ठेवतात. बोस्टनचा २०३२ चा तसा गोठलाय. पुढच्या चारपैकी आणखी दोन वर्षं वर राहिले की तो पिक राउंडच्या शेवटी ढकलतात, टीम कितीही वाईट हरलेली असली तरी. म्हणजे घर भरलेलं आहे पण एक खुर्चीसुद्धा बदलता येत नाही अशी अवस्था. ब्रॅड स्टीव्हन्स, जो तिथला सगळा कारभार बघतो, त्याने नंतर उघडच सांगितलं की हे ट्रेड दुसऱ्या एप्रनमुळे झाले आणि त्यातला खेळाच्या बाजूचा त्रास खरा आहे.

माझं मत विचाराल तर टेटमला काही झालं नसतं तरी हॉलिडे किंवा पोर्झिंगिस यातला एक गेलाच असता, फार तर दोघंही. दुखापतीने फक्त ‘अजून एक वर्ष बघू’ म्हणायची सोय काढून घेतली.

ठाण्याहून एक वाचक: हॉलिडेने टायटल जिंकून दिलं, सज्जन माणूस, आणि त्याला असं पोर्टलंडला पाठवतात? मन लागत नाही बघा.

माझंही नाही लागत. पण या गोष्टीत एक गंमत आहे ती ऐका. सप्टेंबर २०२३ ला डेमियन लिलार्ड पोर्टलंडहून मिलवॉकीला गेला तेव्हा बदल्यात हॉलिडे पोर्टलंडला गेला होता, कागदावर. चार-पाच दिवसांत पोर्टलंडने त्याला बोस्टनला देऊन टाकलं, त्याने तिथली जर्सी घालून एक मॅच खेळली नाही. आता जवळपास दोन वर्षांनी त्याच पोर्टलंडला तो खरंच पोचला. आणि लिलार्ड? त्याचीही अकिलीस यंदाच्या प्लेऑफमध्ये तुटली, मिलवॉकीने त्याचे उरलेले ११ कोटी डॉलरच्या वरचे पैसे पाच वर्षांत पसरवून त्याला मोकळं केलं आणि तो पण घरी, पोर्टलंडला परतला. ज्या दोघांची एकमेकांशी अदलाबदल झाली होती ते आज एकाच लॉकररूममध्ये आहेत. एखाद्या सीरियलमध्ये हे दाखवलं असतं तर आपणच म्हटलं असतं काहीही दाखवतात.

व्यवहार म्हणून बघितलं तर ट्रेड बरोबर होता. हॉलिडे ३५ चा, त्याची अजून तीन वर्षं आणि १० कोटी डॉलरच्या वर देणं बाकी होतं. बदल्यात आला अँफर्नी सायमन्स, २६ चा, गेल्या सीझनला मॅचमागे १९ च्या वर पॉइंट, पगार २.७७ कोटी आणि कॉन्ट्रॅक्ट याच वर्षी संपतंय. डिफेन्स मात्र अगदीच यथातथा. हॉलिडे समोरच्या गार्डच्या अंगाला चिकटून राहायचा, दोन पावलं कुठे टाकू देणार नाही असा, सायमन्सला तसं बघायची अपेक्षाच ठेवू नका. बोस्टनने खेळाडू बदलला असं मी म्हणणार नाही, त्यांनी तीन वर्षांचं कर्ज एका वर्षावर आणलं.

कोल्हापूरहून, इयत्ता नववी: आमच्या शाळेच्या टीममधून मी जिल्हा पातळीवर खेळतो. खेळाडूला ट्रेड करताना त्याला विचारतात का? तो नाही म्हणू शकतो का?

छान विचारलंस रे. नाही, जवळजवळ कुणालाच विचारत नाहीत. कॉन्ट्रॅक्ट टीमसोबत चालतं, टीमने दुसरीकडे दिलं की दुसरीकडे जायचं, घर, बायकोची नोकरी, मुलांची शाळा सगळं उचलून. ट्रेडला नकार द्यायचा हक्क कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहून घेता येतो पण त्यासाठी लीगमध्ये आठ वर्षं आणि त्या टीमसोबत चार वर्षं झालेली लागतात, आणि तरीही टीम कबूल झाली पाहिजे, त्यामुळे असा हक्क २०२५ मध्ये अगदी एखाद-दुसऱ्याकडेच होता, लेब्रॉन जेम्स त्यातला एक. फेब्रुवारी २०२५ ला लुका डॉन्सिचसारख्याला डॅलसने रात्रीत लेकर्सला दिलं, त्याला स्वतःला पत्ता नव्हता. तू आत्ता एवढंच कर, डाव्या हाताने ले-अप मारायला शिक, बाकीचं नंतर बघू.

बोस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅमहून एक वाचक: आमच्या इथलाच जॉर्ज नियांग टीममध्ये आला म्हणून मुलाने जर्सी मागितली होती, ती घ्यायच्या आत तो गेला. हा काय प्रकार? आणि नवे मालक पैसे वाचवायला आलेत का?

बरं झालं जर्सी घेतली नाहीत. नियांग मॅसॅच्युसेट्सचाच, लॉरेन्सला जन्मलेला आणि मेथ्युनला वाढलेला, पोर्झिंगिस अटलांटाला गेला त्या तीन टीमच्या ट्रेडमध्ये तो बोस्टनला आला. आणि ऑगस्टमध्ये त्याच्यासोबत दुसऱ्या राउंडचे दोन पिक जोडून त्याला युटाला दिलं. म्हणजे ८२ लाख डॉलरचा पगार घ्या आणि वर हे दोन पिक पण ठेवा, कपाट उचलून नेणाऱ्याला वर चहापाण्याचे पैसे द्यावेत तसं. घरचा मुलगा घरी आला, आणि एकही मॅच न खेळता महिनाभरात निघाला.

पण पोर्झिंगिसच्या ट्रेडमधून अजून एक वस्तू मिळालीय जी कुणाला दिसत नाही. ३.०७ कोटींचा माणूस दिला, ८२ लाखांचा घेतला, मधल्या २.२५ कोटींची त्यांना एक सवलत मिळाली. आपल्याकडे साडी परत केली की दुकानदार पैसे देत नाही, क्रेडिट नोट देतो, वर्षभरात याच दुकानातून काहीतरी घेऊन जा म्हणतो, अगदी तसंच. या नोटेवर बोस्टन वर्षभरात तेवढ्या पगाराचा खेळाडू बदल्यात पगार न देता घेऊ शकतं. अट एवढीच की ती नोट दुसऱ्या पैशात मिसळता येत नाही, २.२५ कोटींचीच साडी बघायची, ३ कोटींची घेऊन वरचे रोख देतो चालत नाही. आणि घरात जागा पाहिजे, म्हणजे एप्रनच्या रेषा परत आड येतातच. बऱ्याच नोटा तशाच कपाटात पडून तारीख उलटते.

मालकांचं म्हणाल तर बिल चिझमच्या ग्रुपने ६१० कोटी डॉलरला टीम घ्यायचं मार्चमध्ये ठरवलं, लीगची मंजुरी ऑगस्टमध्ये आली. आधीच्या मालकांनी २००२ मध्ये ती ३६ कोटी डॉलरला घेतली होती, हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो. त्यामुळे हॉलिडे आणि पोर्झिंगिस गेले ते नव्या मालकाच्या हातात चावी यायच्या आधीच. त्याच्यावर आत्ताच राग काढू नका, त्याची परीक्षा टेटम फिट झाला की मग.

नागपूरहून एक वाचक: सगळे हॉलिडे-पोर्झिंगिस करत बसलेत. तुम्हाला स्वतःला कोण गेल्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं?

ल्यूक कॉर्नेट. हसू नका.

हा माणूस सात फुटांच्या वर उंच आहे, पळताना असा दिसतो की घरातला कपडे वाळत घालायचा स्टँड कुणीतरी उचलून नेतोय. मध्ये त्याची एक गमतीची ट्रिक फेमस झाली होती, समोरचा थ्री मारायला उठला की हा त्याच्याजवळ जायचाच नाही, लांब बास्केटपाशी उभा राहून हात वर करून सरळ उडी मारायचा, म्हणजे मारणाऱ्याला रिंगच दिसू नये. तो असा टाइमपास खेळाडू म्हणून लोकांच्या लक्षात होता. आणि मग ती पाचवी मॅच आली, टेटम नाही, सीरिज ३-१, हरले की घरी, पोर्झिंगिस आजारपणामुळे इतका दमत होता की त्याला धड खेळवता येईना, आणि बेंचवरून उठलेल्या कॉर्नेटने १० पॉइंट, ९ रिबाउंड आणि ७ ब्लॉक केले. सात! निक्सवाले आत शिरायचे आणि वरून हा हात यायचा. बोस्टन १२७-१०२ ने जिंकलं, डेरिक व्हाइटने ३४ मारले होते पण मला त्या सकाळचा कॉर्नेटच आठवतो. पुढच्या मॅचला १९९-... सॉरी, ११९-८१ ने बुकलून निघाले ते सोडा, अजून लिहितानाही हात थरथरतो.

त्याला सॅन अँटोनियोने चार वर्षांचे ४.१ कोटी डॉलर दिले, वर्षाला साधारण १ कोटी. बोस्टनमध्ये तो लीगच्या किमान पगारावर खेळत होता. आता वर जो हिशोब सांगितला तो लावा, रेषेच्या वर असताना १ कोटीचा माणूस ठेवायचा म्हणजे दंडासकट सहा-साडेसहा कोटींना पडतो. पोर्झिंगिसचे ३ कोटी कापायचे हे कुणालाही कळतं, त्याला काही अक्कल लागत नाही. कॉर्नेटचा १ कोटी न परवडणं हा या नियमाचा खरा मार आहे, कारण टीम ज्या माणसांवर चालते ती ही मधल्या फळीची माणसं, आणि ती स्वस्तात मिळाली, जीव लावून शिकवली, कामाला आली की नेमकी तेव्हाच महाग होतात. हॉरफोर्डही गेला, ३९ चा आहे तो, गोल्डन स्टेटला. म्हणजे एका उन्हाळ्यात पोर्झिंगिस, हॉरफोर्ड, कॉर्नेट असे तिन्ही सेंटर, म्हणजे बास्केटपाशी खेळणारे उंच खेळाडू, संपले. आता नीमियास केटा, लुका गार्झा आणि क्रिस बुशे यांच्यावर भिस्त आहे. केटा मला आवडतो, पण आवडणं वेगळं आणि ८२ मॅचला रोज त्याच्यावर विसंबणं वेगळं.

सोलापूरहून एक वाचक: सरळ हरून घ्यायचं ना एक वर्ष. वरचा ड्राफ्ट पिक मिळेल, टेटम पण येईल, काय बिघडलं?

बोस्टनवाल्यांना हे सांगायला जाऊ नका, त्यांनी हे करून झालंय. १९९६-९७ ला सेल्टिक्स फक्त १५ मॅच जिंकले, ६७ हरले, सगळ्या गावाला माहीत होतं की टिम डंकनसाठी चाललंय. ड्राफ्टमध्ये आधी कोण निवडणार ते ठरवणारी लॉटरी निघाली आणि डंकन गेला सॅन अँटोनियोला, त्यांचा डेव्हिड रॉबिन्सन त्या वर्षी दुखापतीने बसला होता म्हणून ते चुकून खाली आले होते. डंकनने तिथे पाच टायटल जिंकले. बोस्टनला तिसरा आणि सहावा पिक मिळाला, तिसऱ्यावर चॉन्सी बिलअप्स घेतला आणि त्यालाही पहिल्याच सीझनच्या मध्यात विकून टाकला.

आता तर लॉटरी अजून सपाट केलीय, सगळ्यात खालच्या तीन टीमना पहिल्या पिकची शक्यता १४-१४ टक्केच. यंदा १.८ टक्क्यांवाल्या डॅलसला पहिला पिक, म्हणजे कूपर फ्लॅग, लागला, ज्यांनी तीन महिन्यांपूर्वी लुकाला घालवलं होतं त्यांना! देव पण कुणाला देईल सांगता येत नाही. शिवाय ब्राउन आणि व्हाइट असलेल्या टीमला मुद्दाम हरायला सांगणं सोपं नाही, ब्राउन २०२४ च्या फायनलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) आहे आणि प्लेऑफमध्ये गुडघ्याचं मेनिस्कस फाटलेलं असताना खेळत होता, त्याला ‘जरा हळू’ म्हणून बघा. स्टीव्हन्सने या दोघांना हात लावला नाही, प्रिचर्डलाही नाही, जो गेल्या सीझनचा बेस्ट सिक्स्थ मॅन (बेंचवरून येणारा सर्वोत्तम खेळाडू) आहे, यावरूनच कळतं की दुकान बंद करायचं नाहीये, फक्त शटर अर्धं खाली घेतलंय.

मुंबईहून एक वाचक, व्यवसायाने फिजिओ: टेटमबद्दल काय वाटतं? आमच्या क्लिनिकमध्ये यावर रोज वाद होतो.

तुम्ही मला विचारताय? उलट मीच तुम्हाला विचारायला पाहिजे. तरी जे बघितलं ते सांगतो. चौथ्या मॅचला तीनेक मिनिटं राहिली होती, त्याचे ४२ पॉइंट झाले होते, सुटलेल्या बॉलवर झेप घ्यायला गेला आणि कुणाचा धक्का नाही काही नाही, उजवा पाय धरून खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावरून घरी बसलेल्याला पण कळत होतं. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये ऑपरेशन झालं, ते लवकर झालं हे चांगलं म्हणतात, ते तुम्हाला जास्त माहीत.

जुने दाखले दोन टोकांचे आहेत. केव्हिन ड्युरंटची जून २०१९ च्या फायनलमध्ये तुटली, त्याने अख्खा पुढचा सीझन सोडला, डिसेंबर २०२० ला उतरला आणि होता तसाच परतला. कोबी ब्रायंटची एप्रिल २०१३ ला तुटली, आठ महिन्यांत कोर्टवर आला, सहा मॅच खेळला आणि गुडघ्याचं हाड मोडलं. कोबी परतला तेव्हा ३५ चा होता आणि टेटम २७ चा आहे हे धरूनसुद्धा मी असतो तर ड्युरंटच्या रस्त्याने गेलो असतो. टेटम स्वतः मात्र हा सीझन सोडला असं काही म्हणत नाहीये. आणि एक योगायोग, यंदाच्या एकाच प्लेऑफमध्ये लिलार्ड, टेटम आणि फायनलच्या सातव्या मॅचला टायरीज हॅलिबर्टन अशा तिघांची अकिलीस गेली, आणि तिघांच्याही जर्सीचा नंबर शून्य. माझ्या भाच्याचाही शून्य नंबर होता, वहिनीने गुपचूप बदलून घेतला.

पनवेलहून एक वाचक: निक्सनी बोस्टनला हरवलं, २००० नंतर पहिल्यांदा कॉन्फरन्स फायनलला (लीगच्या सेमीफायनलला) गेले, आणि कोच टॉम थिबोडोलाच काढला. हे काय लॉजिक?

इंडियानाकडून हरले ना सहा मॅचमध्ये. थिबोडो पहिल्या पाच जणांना पिळून काढतो, बेंचवर विश्वास ठेवत नाही ही जुनी तक्रार, आणि माईक ब्राउन आला तो हे बदलायला. मला ते घाईचं वाटलं. पण बघा, एकीकडे हरलेल्या बोस्टनने कोच ठेवला आणि खेळाडू बदलले, दुसरीकडे जिंकलेल्या न्यूयॉर्कने खेळाडू ठेवले आणि कोच बदलला, यातलं कोण शहाणं ते एप्रिलमध्ये कळेल.

चिपळूणहून एक वाचक: फार पाल्हाळ नको. बोस्टन यंदा किती मॅच जिंकणार, एक आकडा सांगा.

नाही सांगणार. नाशिकचे गृहस्थ कात्री घेऊन बसलेत.